झिजलेली रोमन नाणी जमवतंय का कुणी? (कमी पैशांतलं तांबं-पितळ)

पाणंद (धागाकर्ता)

शिवराईच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की रोमन नाणी जमवणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले. सोन्याचा ऑरियस किंवा टवटवीत डिनेरियस हवा असेल तर बरोबरच आहे. पण रोमन बाजारात पाव, भाजी, वाईन घेताना हातातून जायचं ते तांबं, पितळ आणि कांसं. ते इतकं पाडलं गेलं आणि त्यातलं इतकं जमिनीत राहिलं की चौथ्या शतकातलं झिजलेलं नाणं इंग्लंडात आजही तीन ते दहा पौंडांत मिळतं. म्हणजे एका सँडविच-कॉफीच्या पैशांत सम्राट कॉन्स्टंटाइनचा मुलगा! त्या धाग्यावर अवांतर नको म्हणून हा वेगळा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, मग भांडा. खिसा लहान असेल तर झिजलेलीच नाणी घ्यावीत, आणि ती नाइलाजाने नव्हे, आवडीने. आणि 'साफ न केलेली पन्नास नाणी' अशा पुड्या अजिबात घेऊ नयेत.

ऑगस्टसच्या काळापासूनचा हिशोब असा. एका चांदीच्या डिनेरियसचे चार सेस्टर्शियस, एका सेस्टर्शियसचे दोन डुपोंडियस, एका डुपोंडियसचे दोन अ‍ॅस. सेस्टर्शियस आणि डुपोंडियस पितळेचे, अ‍ॅस तांब्याचा. सेस्टर्शियस हातात घेतल्याशिवाय त्याचा रुबाब कळत नाही. वजन २५ ग्रॅमच्या आसपास, व्यास ३२ ते ३५ मिलिमीटर. आपली दहा रुपयांची तीन नाणी एकत्र धरली तरी वजन थोडं कमीच भरेल.

चांगल्या स्थितीतला सेस्टर्शियस शेकडो पौंडांना जातो. तोच झिजलेला वीस ते चाळीस पौंडांत मिळतो. आता तो झिजला कशाने? वापराने. ट्राजनने (इ.स. ९८–११७) पाडलेला सेस्टर्शियस तिसऱ्या शतकातही बाजारात फिरत होता. राजे बदलले, राजघराणी बदलली, नाणं तेच. २६० मध्ये गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपास) पोस्टुमस वेगळा होऊन सम्राट बनला तेव्हा त्याच्या टांकसाळीने असे जुने, गुळगुळीत झालेले सेस्टर्शियस घेऊन त्यांच्यावरच आपला ठसा मारला आणि किंमत दुप्पट धरली. काही नाण्यांवर खालचा जुना चेहरा अजून डोकावतो. मला अशी नाणी कोऱ्या करकरीत नाण्यांपेक्षा जास्त बोलकी वाटतात. कोरं नाणं म्हणजे पाडल्यावर लगेच कुणीतरी पुरून ठेवलं आणि परत आलंच नाही. त्याने बाजार पाहिलेलाच नसतो.

ओळखायचं कसं? अक्षरं गेली तरी बरंच उरतं. मी आधी वजन करतो (०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो), मग व्यास मोजतो, मग अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरी धरतो. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारं नाणं आडव्या उजेडात उठून दिसतं. मग डोकं बघायचं. कपाळावर केस पुढे विंचरलेले आणि दाढी नाही, तर ट्राजन असण्याची शक्यता मोठी. हेडरियनपासून (११७–१३८) दाढीची चाल पडली, ती अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियसपर्यंत चालली. जाड मान, पुढून टक्कल, आकडेबाज नाक म्हणजे व्हेस्पेशियन. राण्यांचं अंबाड्यावरून कळतं: थोरल्या फॉस्टिनाचा अंबाडा डोक्याच्या माथ्यावर, धाकटीचा मागे मानेवर. मागच्या बाजूला 'एस' आणि 'सी' ही दोन मोठी अक्षरं असतील तर तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या आधीचं समजा. ही अक्षरं मोठी असल्यामुळे पुष्कळदा सगळ्यांत शेवटी पुसली जातात.

डोक्यावर किरणांचा मुकुट असेल तर वजन बघा. बारा-तेरा ग्रॅमचं पितळ असेल तर डुपोंडियस. त्याहून बरंच हलकं असेल तर अँटोनिनियानस, म्हणजे कॅराकॅलाने २१५ मध्ये काढलेलं नाणं. काढलं तेव्हा ते चांदीचं होतं. २७० पर्यंत त्यातली चांदी नावापुरती उरली, म्हणून ती आता आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आहेत.

ताडून बघायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ओसीआरई हा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. राजा, टांकसाळ, मागचं चित्र निवडत गेलं की यादी आटत जाते.

पुड्या का नकोत? कारण त्या कोऱ्या नसतातच. चाळणी आधीच लागलेली असते. बरी दिसणारी नाणी विकणाऱ्याने काढून घेतलेली असतात आणि तुमच्याकडे येतात ते खडे. शिवाय ती कुठून निघाली याचा पत्ता नसतो. ओळख पटवून दिलेलं, पावती असलेलं एक झिजकं नाणं त्या पन्नासांपेक्षा केव्हाही बरं.

आता तुमचे अनुभव येऊ द्या.

---

दुदांडी

मस्त धागा. चोचले हा शब्द माझाच होता, मागे घेत नाही, पण तीन पौंड म्हणताय तर ऐकून घेतो. :)

आम्ही साताऱ्याकडचे शिवराईवाले. आमच्याकडेही झिजलेल्यालाच गिऱ्हाईक. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं, पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच येतात. तेव्हा उरलेल्या काना-मात्रेवरून ओळखायची सवय आहे. रोमन नाण्यांतही असं होतं का? म्हणजे झिजेमुळे नव्हे, मुळातच अर्धवट?

दुसरं, इकडे बाजारात बसणारे चिंच आणि पितांबरी लावून नाणी लखलखीत करून ठेवतात. तिकडे काय करतात?

---

पाणंद

दुदांडी, होतं ना. तिसऱ्या शतकाच्या शेवटाकडे तर फारच. क्लॉडियस गॉथिकसच्या (२६८–२७०) काळात टांकसाळींवर इतका ताण होता की ठसा एकीकडे आणि तुकडा दुसरीकडे. २७४ मध्ये ऑरेलियनने गॉल परत जिंकलं आणि नंतर त्या भागात सुट्या पैशांची टंचाई झाली. तेव्हा गॉल-ब्रिटनमध्ये लोकांनी गावठी नाणी पाडली. त्यांच्यावर राजाचा चेहरा लहान मुलाने काढावा तसा, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. पुरातत्त्ववाले त्यांना 'रानटी' म्हणतात. मला फार आवडतात, आणि दोन-चार पौंडांत मिळतात.

चिंच-पितांबरीबद्दल रसायनीताईंना बोलवा. मी काही बोललो तर तोल जाईल.

---

खवचट_आजोबा

म्हणजे सम्राट ओळखायचा दाढीवरून आणि सम्राज्ञी अंबाड्यावरून. आमच्या लग्नाच्या फोटोतही आता याच पद्धतीने माणसं शोधावी लागतात. चालू द्या, वाचतोय.

---

रसायनी

हाक मारलीत म्हणून आले. धातूंवरच्या संरक्षक लेपांचं काम करते, नाणी जमवत नाही. पण हा विषय माझा आहे.

दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या तांब्यावर जो गडद हिरवा, तपकिरी किंवा काळा थर दिसतो तो मळ नव्हे. तांब्याचे ऑक्साइड आणि कार्बोनेट आहेत ते, आणि नाण्यावरची बारीक नक्षी पुष्कळदा त्या थरातच उरलेली असते. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. खाली उरतो खड्डे पडलेला गुलाबी धातू. चित्र गेलं की गेलं, परत आणता येत नाही. तेव्हा चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, दात घासायची पेस्ट सगळं पितळेच्या समईसाठी ठेवा. फार तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने माती काढा. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने ठेवणारे लोक आहेत. तेल जुनं झालं की त्यातही आम्ल वाढतं, म्हणून मी सुचवणार नाही.

खरी भीती वेगळीच आहे. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि टाचणीने सहज सुटली, तर त्याला ब्राँझचा रोग म्हणतात. जमिनीतल्या मिठामुळे आत तांब्याचं क्लोराइड तयार झालेलं असतं. त्याला हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन मिळाला की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, असं चक्र चालू राहतं. असं नाणं लगेच वेगळं करा. उपाय पाण्यात वारंवार भिजवून क्लोराइड बाहेर काढणं. संग्रहालयांत सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं द्रावणही वापरतात, पण त्याने नाण्याचा रंग बदलू शकतो. मग पूर्ण वाळवायचं आणि कोरड्या जागी ठेवायचं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग जवळजवळ थांबतो. इंग्लंडात रेडिंगमध्ये हीटर चालू असताना हे जमेल. जुलैत मुंबई-रत्नागिरीला हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागेल, आणि जेल वेळोवेळी तापवून कोरडं करावं लागेल.

आणि ती मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं! पीव्हीसी असतं ते. कालांतराने त्यातून क्लोरिनयुक्त द्रव्यं सुटतात आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. साधी आम्लरहित कागदी पाकिटं घ्या, स्वस्तही पडतात. वर लिहिताही येतं.

---

दुदांडी

ताई, हे आधी कुणी सांगितलं असतं तर साताऱ्यातली निम्मी शिवराई वाचली असती. साठवून ठेवतोय.

---

शंकेखोर

सगळं छान चाललंय, पण कुणीतरी विचारायलाच हवं. ही नाणी येतात कुठून?

१९९० नंतर बल्गेरिया आणि आसपासच्या बाल्कन देशांत धातुशोधक यंत्रं घेऊन लोकांनी रोमन वस्त्या पोखरल्या. तुम्ही ज्यांना 'पुड्या' म्हणता त्यांतला मोठा भाग तिथलाच. पुरातत्त्वाच्या दृष्टीने नाण्याची किंमत ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं यात असते. ते उकरून काढलं की माहिती संपली, धातू उरला. आपल्याकडे कुणी तेरच्या पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून) सातवाहन नाणी उपसून विकली तर आपण बोंब मारू. मग रोमन नाण्यांबाबत इतके मोकळे का?

मी जमवणाऱ्यांच्या विरोधात नाही. पण 'तीन पौंडांत' हे वाक्य मला खटकतं. ते स्वस्त का आहे, हेही त्यासोबत लिहा.

---

पाणंद

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे आणि पुड्या घेऊ नका म्हणण्यामागचं निम्मं कारण तेच आहे. पण 'सगळंच चोरीचं' हे पटत नाही.

ब्रिटनचं चित्र वेगळं आहे. इथे जमीनमालकाच्या परवानगीने यंत्र फिरवणं कायदेशीर आहे (संरक्षित स्थळं सोडून). १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये एकाच ठिकाणी तांब्या-कांशाची दहा किंवा अधिक प्राचीन नाणी सापडली तर ती कळवावीच लागतात. सुटं एखादं तांब्याचं नाणं सहसा त्यात येत नाही. पण अशा सुट्या नाण्यांची नोंद करायला ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' चालते. फोटो, वजन, सापडल्याची जागा, सगळं त्यांच्या संगणकावर जातं आणि नेमकी जागा सोडून बाकी कुणालाही बघता येतं. असा नोंदणी क्रमांक असलेलं झिजकं नाणं विकायला येतं तेव्हा मी दोन पौंड जास्त द्यायला तयार असतो. माहिती संपलेली नसते ना.

आणि नीट वागणारे लोक आहेत. २०१० मध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या गृहस्थांना एका मडक्याचं तोंड लागलं. त्यांनी हावरटासारखं उकरलं नाही, पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. एका मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, वजन १६० किलो. बहुतेक तिसऱ्या शतकातली तीच किरणमुकुटवाली स्वस्त नाणी, पण त्यांत ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेल्या कॅरॉशियसची (२८६–२९३) सातशेच्या वर होती. थराथराने काढल्यामुळे हे कळलं की त्याची नाणी मडक्यात सगळ्यांत वर नव्हती, म्हणजे मडकं वर्षानुवर्षं थोडं थोडं भरलेलं नसावं. आता ती टॉन्टनच्या संग्रहालयात आहेत.

आणखी एक. झिजून ओळख पटेनाशी झालेली नाणीही अभ्यासक फेकून देत नाहीत. रिचर्ड रीस यांनी ब्रिटनमधल्या रोमन नाण्यांचे २१ कालखंड पाडले. आकार, जाडी आणि डोक्याच्या घाटावरून एखादं नाणं त्यांतल्या एका कप्प्यात टाकता आलं तरी पुरतं. मग वस्ती कधी गजबजलेली होती आणि कधी ओस पडली ते दिसायला लागतं. माझ्या घराजवळ सिल्चेस्टर आहे, तटबंदी अजून उभी असलेलं रोमन शहर. तिथे सापडलेल्या वस्तू रेडिंगच्या संग्रहालयात आहेत. इकडे कुणी येणार असेल तर नक्की बघा.

---

हडसनकाठी

अमेरिकेतल्या लोकांसाठी भर घालतो. इथे काही देशांशी केलेल्या करारांमुळे तिथल्या प्राचीन नाण्यांच्या आयातीवर बंधनं आहेत. सायप्रसची २००७ पासून, इटली आणि ग्रीसची २०११ पासून, बल्गेरियाची २०१४ पासून. प्रत्येक रोमन नाण्याला हे लागू होत नाही, यादीत कुठले प्रकार आहेत ते बघावं लागतं. म्हणून परदेशी लिलावातून मागवण्यापेक्षा मी इथल्याच जुन्या संग्रहांतली घेतो. म्हाताऱ्या संग्राहकांच्या मुलांना यात रस नसतो आणि पेट्याच्या पेट्या नाण्यांच्या क्लबात येतात. जुनी पाकिटं, वर टाइपरायटरने लिहिलेलं, कधी १९६० च्या दशकातली पावती.

लिलावाचं गणित कच्चं ठेवू नका. हातोडा पडला वीस डॉलरला म्हणजे वीसच द्यायचे नसतात. त्यावर लिलावघराचं कमिशन २० ते २५ टक्के, वर टपाल. पाच नाणी एकत्र असलेला लॉट घेतला की टपाल विभागलं जातं.

पाणंद, एका मुद्द्यावर मतभेद. गुळगुळीत सेस्टर्शियसपेक्षा त्याच पैशात चौथ्या शतकातली पाच छोटी नाणी मी घेईन. त्यांच्यावर वाचायला जास्त असतं. ३३० च्या सुमाराची लांडगी आणि जुळी मुलं, नव्या राजधानीच्या नावाची नावेवरची विजयदेवता, ३४८ नंतरचा घोड्यावरून पडणाऱ्याला भाला मारणारा सैनिक. सगळी दहा-पंधरा डॉलरच्या आत. आणि खाली टांकसाळीची अक्षरं. टी-आर म्हणजे ट्रियर, एस-आय-एस म्हणजे सिस्किया, पी-एल-एन म्हणजे लंडन. साम्राज्याचा नकाशा पाकिटात मावतो.

---

पाणंद

हडसनकाठी, तुम्ही वाचायला जमवता, मी हातात धरायला. दोन्ही ठीक. पण २५ ग्रॅमचं पितळ तळहातावर ठेवून बघा एकदा.

---

तंजावरकरीण

मी मदुराईला असते. आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर आलेलं, त्यामुळे मराठी थोडी जुनाट वाटली तर सांभाळून घ्या.

रोमन तांबं बघायला इंग्लंडला कशाला जायचं? आमच्याकडे करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि इथे मदुराईत चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत. श्रीलंकेत तर ढिगांनी, आणि तिथे त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. दिनमलर या तमिळ दैनिकाचे तेव्हाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी करूर-मदुराईच्या या नाण्यांवर १९९४ मध्ये पुस्तकच केलं. यांतली बरीच इतकी झिजलेली आहेत की फक्त आकार उरलाय. आधीच्या शतकांत इथे आलं ते बहुतेक सोनं आणि चांदी. नंतरच्या काळात ही चिल्लर आली, आणि ती इथल्या छोट्या व्यवहारांत वापरली गेली असावी असं मानतात.

पण शंकेखोरांची री ओढते. नदीतून काढलेली नाणी इथे कुणी विकायला आणली तर घेऊ नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावा लागतो. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. विकणाऱ्याकडे परवाना लागतो. चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात बघा, डोळे भरून बघा, फुकटात पडतं जवळजवळ.

---

करवीरकर

महाराष्ट्राचं नाव निघेना म्हणून आलो. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. तिथल्या रोमन कांशाच्या वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. आमच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. नाणी नव्हेत, पण धातू तोच आणि काळही तुमच्या सेस्टर्शियसचाच.

एक शंका. कोकण किनाऱ्यावर एवढा व्यापार होता तर हे मोठे पितळी सेस्टर्शियस इथे का सापडत नाहीत?

---

पाणंद

करवीरकर, मूर्ती मी बघितली आहे, अप्रतिम आहे.

शंकेचं उत्तर मला वाटतं साधं आहे. पितळी सेस्टर्शियस चालायचा तो रोमच्या शब्दावर; त्यातल्या धातूची किंमत दर्शनी किमतीपेक्षा कमी. कल्याण किंवा भडोचच्या व्यापाऱ्याला रोमचा शब्द कशाला हवा, त्याला वजनावर मोजता येणारं सोनं-चांदी हवी. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शकात भडोचबद्दल स्पष्ट लिहिलंय की सोन्या-चांदीच्या रोमन नाण्यांवर तिथे स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा मिळतो. रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो. पण तो फक्त हिशोबाचा आकडा. प्रत्यक्ष जहाजात सेस्टर्शियस नव्हते, तेवढ्या किमतीचे दुसरे धातू आणि माल होता.

---

ओसरी

इतकं सगळं वाचून धीर आला म्हणून विचारते. आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला असतो. ट्रियरला फिरायला गेलो होतो, पोर्टा निग्रा बघितलं, आणि मुलाने एका नाण्यांच्या दुकानात हट्ट करून आठ युरोचं नाणं घेतलं. पावती आहे. दुकानदाराने पाकिटावर फक्त 'रोमन, चौथं शतक' लिहिलंय. त्याला शाळेत सध्या रोमनच चालू आहेत, त्यामुळे 'आई, हा कोण?' हा प्रश्न रोज.

व्यास १६ मिलिमीटर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर २ ग्रॅम दाखवतोय, काटा इतका बारीक मोजत नाही. पुढे तरुण चेहरा, दाढी नाही, डोक्यावर पानांची माळ. मागे दोन माणसं उभी आहेत, मधे काहीतरी काठी.

---

हडसनकाठी

सोपं आहे! दोन सैनिक, मधे निशाण. सैन्याचा गौरव असा मजकूर असतो त्यावर. आता मधली निशाणं मोजा, एक की दोन? दोन असतील तर ३३० ते ३३५, एक असेल तर त्यानंतरचं. नाणं हलकं करत नेलं तसं एक निशाण कमी केलं.

---

ओसरी

एकच. खाली एस-एम-ए-एन असं वाटतंय. पुढच्या बाजूला उजवीकडे शेवटी एन-ओ-बी-सी स्पष्ट आहे. त्याच्या आधी आय-व्ही-एस. बाकी गुळगुळीत.

---

पाणंद

ओसरीताई, तुमच्या मुलाला सांगा, मजेशीर जागी येऊन पोचलाय.

एस-एम-ए-एन म्हणजे अँटिऑक, आजच्या तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ. ट्रियरला विकत घेतलं पण पाडलं तिकडे. एन-ओ-बी-सी म्हणजे अजून सम्राट नव्हे, सीझर, गादीचा वारस. कॉन्स्टंटाइन ३३७ मध्ये मेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याची तिन्ही मुलं सम्राट झाली. म्हणून एक निशाण अधिक सीझर म्हणजे साधारण ३३५ ते ३३७.

त्या वेळी सीझर चार. थोरल्याचं, कॉन्स्टंटाइन धाकट्याचं, नाव आय-व्ही-एन ने संपतं, तो गेला. कॉन्स्टन्सचं ए-एन-एस ने, तोही गेला. आय-व्ही-एस ने संपणारे दोन उरले: मधला मुलगा कॉन्स्टँशियस आणि पुतण्या डेल्मेशियस. पुतण्याला ३३५ च्या सप्टेंबरात सीझर केलं आणि ३३७ च्या उन्हाळ्यात, काका मेल्यावर, सैनिकांनी मारून टाकलं. त्याची नाणी जेमतेम दोन वर्षं निघाली, म्हणून ती दुर्मीळ आणि बरीच महाग.

दोघांच्याही नावात आय-व्ही-एसच्या आधी टी आहे. फरक टीच्या आधीच्या अक्षरात. एन असेल तर कॉन्स्टँशियस, ए असेल तर डेल्मेशियस. विजेरी डाव्या बाजूने धरा, मग वरून, मग खालून.

---

खवचट_आजोबा

आठ युरोत थरारपट. ओसरी, झोपू नका आज.

---

शंकेखोर

पावती जपून ठेवा. एवढंच म्हणतो.

---

रसायनी

आणि काहीही लावू नका! कोरड्या ब्रशशिवाय काहीही नाही. अक्षर वाचायच्या नादात लोक टाचणीने कोरतात आणि हवं ते अक्षर 'सापडतं'.

---

ओसरी

विजेरी धरून मुलगा आणि मी दोघांनी बघितलं. टी दिसला. त्याच्या आधी दोन उभ्या रेघा आहेत, दोन्ही सरळ, मधली तिरकी अगदी पुसट. ए असता तर वर टोक आलं असतं ना?

---

पाणंद

दोन सरळ उभ्या म्हणजे एन. कॉन्स्टँशियस दुसरा, सीझर असतानाचा. हे नाणं पाडलं तेव्हा वयाने वीसच्या आतबाहेर, पुढे २४ वर्षं सम्राट होता. सर्वसाधारण नाणं आहे, आठ युरो योग्य दिलेत.

पाकिटावर मुलाच्या हाताने लिहू द्या: नाव, ३३५–३३७, अँटिऑक, व्यास, वजन (नीट काटा मिळाल्यावर), कुठे घेतलं, किती दिले. एस-एम-ए-एन नंतर आणखी एक ग्रीक अक्षर असणार. टांकसाळीतल्या कुठल्या खात्याने पाडलं ते त्यावरून कळतं.

---

ओसरी

आहे काहीतरी! त्रिकोणासारखं. मुलगा म्हणतो ए आहे.

---

हडसनकाठी

खालून बंद असेल तर डेल्टा, चौथं खातं. खालून उघडा आणि मधे आडवी रेघ असेल तर अल्फा, पहिलं. फोटो टाका, आडव्या उजेडात काढलेला.